हुलैलच्या उखळाची गिरकी

सुबैलात टोळीच्या हुलैलला बंदूक धड चालवता येत नव्हती. घोडी त्याला पाठीवर टिकू देत नसे, आणि भांडण लागलं की आदल्या दिवशी ज्याच्याकडे जेवला असेल त्याची बाजू तो घेई. पण कॉफी कुटावी ती त्यानंच. शेख मिझयदच्या तंबूत चुलीशी त्याची जागा ठरलेली होती: डावीकडे चोचदार किटल्या, उजवीकडे दाणे भाजायची लांब दांड्याची पळी, आणि मांड्यांच्या बेचक्यात बलूत झाडाच्या टणक लाकडाचं काळंभोर उखळ. त्याच्या बापाचं.

कुटणारे पुष्कळ होते. शेजारच्या टोळीचा माणूस कुटायचा ते गाढव दगडावरून घसरल्यासारखं. दुसरा एक होता, तो झोपेतच कुटतो की काय असं वाटे. हुलैलचं तसं नव्हतं. आधी दाण्यांवर तीन जड घाव, धुम्, धुम्, धुम्, म्हणजे शेख घरी आहेत. मग उखळाच्या काठावर तकतक तकतक, म्हणजे या, विस्तव आहे. आणि शेवटी त्याची ती प्रसिद्ध गिरकी. मुसळ उखळाच्या तोंडाभोवती गर्रकन फिरवायचं आणि काठावर एक हलकी टिचकी मारून सोडून द्यायचं. ही गिरकी दरीपलीकडे ऐकू जाई. मेंढ्यांमागे गेलेला माणूस मेंढ्या तिथंच सोडून निघे. लग्नाच्या दिवशी हुलैल एकीच्या जागी तीन गिरक्या घेई, आणि मग चेहरा असा करून बसे की जणू उखळ आपोआप वाजलं, ह्याचा काही संबंध नाही.

त्याची बायको तरुणपणीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. बहीण फिद्दा शेजारच्या तंबूत, आणि तिचा एकुलता एक जदान मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेला. उखळ कसं धरायचं हे हुलैलनं त्याला शिकवलं होतं. जदानला ते काही जमलं नाही, पण ऐकायला तो शिकला. डोळे मिटून सांगायचा, मामा आज खुशीत आहे, मामाचं आज पोट दुखतंय.

मग बंडाची वर्षं आली. अमीर दक्षिणेकडून आगगाडीनं आलेला, त्याला खुर्ची दिली इंग्रजांनी, त्याचे अंमलदार दमास्कसचे, आणि कर मात्र बल्काच्या डोंगरातल्या लोकांनी द्यायचा. त्यातही अमीराच्या लाडक्या वाळवंटी टोळीला माफी, आणि सुबैलातांच्या शेळीच्या शिंगावरही शिक्का. शेखच्या तंबूत रोज हीच चर्चा. एकदा इंग्रज कप्तान कर समजावून सांगायला आला होता. त्याची अरबी अशी, की ओठ न हलवता गरम खजूर तोंडात धरून बोलावं. “तुम्ही कर देतो, अमीर खूश होतो, रस्ता येतो.” पोरं पुढे महिनोन्महिने हेच म्हणत फिरली. कोणी कोणाकडे भाकरी मागितली की उत्तर यायचं, “तुम्ही कर देतो, भाकर येतो.”

शेवटी टोळ्या निघाल्या. बाहेरचे अंमलदार काढा आणि कर सगळ्यांना सारखा लावा, एवढं अमीराला तोंडावर सांगायचं म्हणून निघाल्या होत्या. बंदुका होत्या, पण त्या खांद्यावर. हुलैलही निघाला. बंदूक नव्हती म्हणून गाढवावर उखळ बांधलं. कोणीतरी म्हणालं, हुलैल, अमीरावर मुसळ फेकणार काय रे? तो म्हणाला, एवढी माणसं बोलणी करायला बसणार, त्यांना कॉफी काय तुझा बाप देणार?

बोलणी झालीच नाहीत. राजधानीच्या अलीकडच्या टेकडीवर इंग्रजांच्या लोखंडी मोटारी आल्या, आणि वरून विमान. न्याहारीच्या वेळी चालू झालं आणि दुपारच्या जेवणाआधी संपलं. गाढव उखळासकट पळालं आणि हुलैलच्या आधी घरी पोहोचलं. शेख मिझयद उत्तरेकडे नातेवाइकांकडे निसटला. जदान आणि त्याचा दोस्त उक्ला, हे दोघे टोळीचं निशाण घेऊन सगळ्यांत पुढे होते, म्हणून त्यांची नावं शिपायांकडे गेली. दोघे दरीपलीकडच्या गुहांत लपले. फिद्दा शेळ्या चारायच्या निमित्तानं त्यांना भाकरी आणि सुकवलेल्या ताकाचे गोळे पोहोचवी.

तिनंच त्यांना खूण सांगितली होती. शिपाई फिरतायत तोवर टोळीत एकही उखळ वाजणार नाही, असं शेखनं जाताना बजावलं होतं. “मामाचं उखळ ऐकू आलं की समजा, आता येणारा पाहुणा आपला आहे. तेव्हाच उतरा.” हे तिनं येऊन हुलैललाही सांगितलं, आणि आपल्या हातानं ते उखळ घोंगड्यात गुंडाळून दोरीनं बांधून टाकलं. दोरीची गाठ मारताना म्हणाली, “भाऊ, आता तुझ्या हातात आहे माझं पोर.” हुलैल म्हणाला, “माझे हात बांधले तरी चालतील.” दोघं थोडं हसली.

शिपाई आले ते भर दुपारी. पुढे नजमी बे नावाचा अंमलदार, दमास्कसचा, मिशा तेल लावून वर वळवलेल्या. त्यानं शिपायांना लांब झऱ्याकडे घोड्यांना पाणी पाजायला पाठवलं, कमरेची तलवार काढून तंबूच्या दांड्याला लावली, आणि सलाम करून गादीवर बसला. आता तो पाहुणा झाला. दारातला माणूस अमीराचा असो की सैतानाचा, सलाम करून बसला म्हणजे त्याला कॉफी द्यायची, आणि कशाला आलास हे विचारायचं नाही. शेख नव्हता म्हणून चूल ओसाड ठेवायची नसते. हुलैल चुलीशी बसला.

दाणे भाजले. मग त्यानं ते फडक्यात बांधून दगडानं ठेचायला घेतले. थप, थप, थप. ओल्या गोणीला चापट्या माराव्यात तसा आवाज.

नजमी बे थोडा वेळ ऐकत बसला. त्याचं बोलणं मधात बोट बुडवून ओढल्यासारखं, लांब आणि गोड. कुणाचं दुःख झालंय का हो इथे, त्यानं विचारलं. सुतकातल्या घरी म्हणे उखळ मुकं ठेवतात, म्हणून विचारलं, राग मानू नका. हुलैल म्हणाला, अल्लाच्या कृपेनं सगळे जिवंत आहेत. मग उखळ फुटलं असेल, नजमी बे म्हणाला. नाही, फुटलं नाही. थप, थप. नजमी बेनं मिशी वर केली, तंबूच्या कडेला बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांकडे पाहून हसला, आणि म्हणाला, “अच्छा, अच्छा. आलं लक्षात. आवाज झाला तर आणखी चार पाहुणे यायचे. दाणे फार लागतात मग. आमच्या दमास्कसलाही असतात असे लोक, ते दार लावून जेवतात.”

म्हातारे खाली बघायला लागले.

दरोडेखोर म्हण, फितूर म्हण, बायकोचा मार खाणारा म्हण, हुलैलनं ऐकून घेतलं असतं. पण पाहुणा नको म्हणून उखळ मुकं ठेवणारा? त्याच्या बापाच्या उखळाला? हुलैलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो स्वतःशी हिशेब करू लागला. गुहा लांब आहेत. वारा तिकडून इकडे आहे. हळू कुटू, जेमतेम चार घाव, एवढ्यानं काय होतंय. आणि पोरांना एवढं कळणार नाही का, की दारात शिपाई आहेत? पोरांना दारात कोण आहे ते गुहेतून दिसत नाही, हेही त्याला कळत होतं. ते त्यानं जरा बाजूला सारलं.

त्यानं दोरीची गाठ सोडली.

पहिला घाव हळूच होता. दुसराही. पण बऱ्याच दिवसांनी लाकडाला लाकूड लागलं होतं आणि बलूत घुमलं. तिसरा घाव पडेपर्यंत हात त्याचे राहिले नव्हते. तकतक तकतक, काठावरून मुसळ नाचायला लागलं. नजमी बेच्या मिशा खाली आल्या, तोंड जरा उघडं पडलं. हुलैलनं ते पाहिलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्यानं गिरकी घेतली. मग दुसरी. आणि कोणी न सांगता तिसरी, लग्नातली.

कॉफी उकळली, वेलदोडे पडले, नजमी बेनं तीन वाट्या घेतल्या. तिसरी संपवून त्यानं, पुरे म्हणून, वाटी हलवून परत दिली, तेवढ्यात झऱ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. तंबूबाहेर सगळ्यांनी पाहिलं. जदान आणि उक्ला हसत, धावत उतार उतरून आले होते, ते झऱ्यावर पाणी पाजणाऱ्या शिपायांच्या अंगावरच. जदानच्या हातात भेट म्हणून धरलेला एक ससा होता.

दोघांना खेचराच्या दोरीला बांधून तंबूसमोरून नेलं. नजमी बेनं तलवार बांधली, आणि रीतीप्रमाणे, मनापासून, हुलैलला म्हणाला, “हात सलामत राहोत. अशी कॉफी आम्ही बल्कात कुठे प्यालो नाही.”

नजमी बेला उखळाची खूण ठाऊक होती की नाही, यावर लोक पुष्कळ बोलले. हुलैल कधीच बोलला नाही. त्याला ते स्वतःशीही विचारायची हिंमत नव्हती, कारण ठाऊक नसेल तर सगळंच त्याच्या एकट्याच्या पदरात पडत होतं.

फिद्दा धावत आली तेव्हा तो उखळाजवळ बसला होता. तिनं त्याचे खांदे धरून हलवलं आणि विचारलं, “संगीन लावली होती ना रे तुझ्या मानेवर? त्यांनीच वाजवायला लावलं ना?” हुलैलनं मान खाली घातली. एवढंच. हो म्हणाला नाही. पण खाली गेलेल्या मानेला टोळीनं हो समजलं. ते दोघे म्हातारे काही बोलले नाहीत. त्यांनाही आपण बसून ऐकलं हे सांगायचं नव्हतं.

फिद्दानं आपली पांढरी ओढणी फाडली आणि भावाच्या तंबूच्या दांड्याला बांधली. ज्यानं अब्रू राखली त्याच्या दारावर पांढरं निशाण लावतात, घातक्याच्या नावानं काळं. येणारेजाणारे विचारत, आणि फिद्दा सांगे, माझ्या भावानं मानेवर संगीन असताना शेवटपर्यंत हात आवरून धरला होता. दर खेपेला गोष्ट थोडी वाढे. एक संगीन होती त्याच्या दोन झाल्या. मग पिस्तूल आलं. पोरं संध्याकाळी नाटक करीत: एक जण हुलैल होई, डोळे फिरवून थरथरत मुसळ हलवी; दुसरा खुंटी घेऊन त्याच्या मानेवर टेकवी आणि कप्तानासारखा बोले, “तुम्ही कुटतो, नाहीतर मरतो.” सगळे हळहळत. हुलैल तिथंच बसून वाट्या भरी. एकदा एका लहान मुलीनं त्याच्या मानेला हात लावून विचारलं, टोचलं होतं का? तो म्हणाला, पाणी आणतो, आणि उठून झऱ्याकडे गेला, घागर न घेताच.

तंबूत आत जाताना त्या फडक्याखालून वाकून जावं लागे. तो जरुरीपेक्षा जास्त वाकत असे. एकदा वाऱ्यानं फडकं उडालं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. फिद्दानं ते काट्यांतून शोधून आणलं, धुतलं आणि पुन्हा बांधलं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर त्या हिवाळ्यात अर्धीच ओढणी होती.

पुढच्या वर्षी अमीरानं माफी दिली. शेख मिझयद उत्तरेतून परतला, आणि दक्षिणेच्या तुरुंगातून जदान आणि उक्ला. जदान ओळखू येत नव्हता. खोकला घेऊन आला होता. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती दुसऱ्या टोळीत दिली गेली होती, कारण तो परत येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. शेखनं मेंढे कापले, ताकात मटण शिजलं, तंबूत पाय ठेवायला जागा नाही. पडद्यापलीकडे बायका. चुलीशी हुलैल. तो भाच्याला कडकडून भेटला होता. जदान नुसतं पाहत राहिला होता.

हुलैलनं त्या दिवशीही फडक्यात बांधून, दगडानंच दाणे ठेचले. पहिली वाटी मानाची, ती जदानला दिली. जदाननं ती घेतली आणि न पिता समोर जमिनीवर ठेवली.

गडबड शांत झाली. पाहुण्यानं वाटी खाली ठेवली म्हणजे त्याला काही मागायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत तो पिणार नाही. यजमानानं काय हवं हे ऐकण्याआधीच हो म्हणायचं असतं. शेख मिझयदनं म्हटलं, “पी बाळ, तुझं काम झालं.”

जदान म्हणाला, “मला काही नको, शेख. मामानं त्या दिवशी कुटलं होतं तसं एकदा कुटून दाखवावं.”

वा, असं सगळे म्हणाले. मानानं मागितलं, असंच त्यांना वाटलं. एका पोरानं लगेच तंबूची खुंटी घेतली आणि हुलैलच्या मानेवर टेकवली, हशा पिकला. जदान हसला नाही. उक्लाही नाही. हुलैलनं भाच्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की ह्यानं ऐकलं होतं. कान ह्याचे. मामाचं पोट दुखतंय हेसुद्धा ज्याला ऐकू यायचं.

आता सोपं होतं. मानेवर संगीन असलेला माणूस कुटेल तसं कुटायचं. अडखळत, घाबरत. गोष्ट पक्की होईल, निशाण दांड्यावर राहील, भाचा एकटा काय तो समजेल आणि गप्प बसेल. हुलैलनं उखळ मांड्यांत घेतलं आणि तसं सुरू केलं. धुम्. मग थांबला. धु-धुम्. पडद्यापलीकडे कोणी तरी हुंदका दिला. ती फिद्दा होती. तकक, तक.

जदान वाटीकडे बघत होता. वाटीतली कॉफी निवत होती.

आणखी चार घाव असेच पडले. आणि मग काय झालं ते हुलैलला पुढे किती वेळा आठवलं तरी उलगडलं नाही. बहिणीचा हुंदका सोसवला नाही म्हणून, की आपल्या बापाच्या उखळावर असलं घाणेरडं कुटणं हातांना सोसवलं नाही म्हणून. दुसरंच खरं असेल ही भीती त्याला शेवटपर्यंत राहिली. हात सुटले. धुम्, धुम्, धुम्. बलूत घुमलं. काठावरून मुसळ नाचलं. एक गिरकी. दुसरी. आणि तिसरी.

मानेवरची खुंटी पोरानं कधीच काढून घेतली होती.

जदाननं वाटी उचलली, एका घोटात प्याला आणि हळू आवाजात म्हणाला, “हेच.” मग शेखकडे वळून सांगितलं. पहिला घाव ऐकला तेव्हा उक्ला म्हणाला होता, थांब, कोणीतरी बळजबरीनं वाजवून घेतंय. “मी म्हटलं, गिरकी ऐक. लग्नातली आहे. भ्यालेल्या माणसाचा हात असा फिरत नाही. म्हणून उतरलो, शेख. हातात ससा घेऊन उतरलो.”

शेख मिझयदनं विचारलं, “हुलैल, संगीन कुठे होती?”

“नव्हती.”

“पिस्तूल?”

“नव्हतं, शेख.”

“मग?”

हुलैलनं उखळाच्या तोंडावर हात ठेवला. “तो म्हणाला, पाहुणे नकोत म्हणून आम्ही उखळ मुकं ठेवतो. म्हणाला, दाणे वाचवतो.”

मागे कोणाला तरी हसू फुटलं. मग त्याच्या शेजाऱ्याला. एवढ्यासाठी? हसू तंबूभर पसरलं, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले, आणि हुलैलला वाटलं की ह्यापेक्षा मारलं असतं तर बरं. उक्ला हसला नाही. तो उठून बाहेर गेला. त्याच्या जाण्यानं एकेक जण थांबत गेला, आणि मग कोणीच कोणाकडे बघेना. ते दोघे म्हातारे तर मुळीच नाही.

शेखनं शिक्षा दिली नाही. चुलीवरूनही उठवलं नाही. तू आमच्या चुलीची अब्रू राखायला गेलास, एवढंच म्हणाला, आणि त्यात शाबासकी होती की शिवी, ते हुलैलनं विचारलं नाही.

तो घरी आला तेव्हा फिद्दा त्याच्या दांड्याची गाठ सोडत होती. गाठ पावसानं घट्ट झाली होती, ती दातांनी ओढत होती. हुलैल म्हणाला, दे, मी सोडतो. तिनं त्याचा हात बाजूला केला. फडकं सुटल्यावर तिनं ते झटकलं, आपल्या फाटक्या ओढणीशी लावून पाहिलं, आणि तिथंच दारात बसून सुईनं जोडायला घेतलं. त्यानंतर ती भावाशी बोलली, भाकरीही पाठवली, सगळं रीतीनं. पण “भाऊ” म्हणायची ती हुलैल म्हणू लागली.

हुलैल पुढे पुष्कळ वर्षं जगला. उखळ पुन्हा वाजू लागलं, तसंच, दरीपलीकडे जाणारं, मात्र लग्नातल्या गिरक्या त्यानं पुन्हा कधी घेतल्या नाहीत; लग्नातसुद्धा एकीवर थांबे. पोरांचं नाटक काही बंद झालं नाही, बदललं फक्त. आता एक जण तेल लावल्यासारख्या मिशा ओढून गोड आवाजात विचारी, “कुणाचं दुःख झालंय का हो इथे?” आणि दुसरा हुलैल होऊन कान लाल करी, तेलाच्या रिकाम्या डब्यावर काठीनं गिरक्या मारी. जदानही खोकत खोकत हसे. पोरांची गिरकी चुकायची. मनगट आधी वळवायचं असतं, ती खांदा वळवायची. चुलीशी बसलेल्या हुलैलला ते ऐकवत नसे. बोटं वळवळत, जीभ टाळूला लागे. तेव्हा तो किटली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवी, आणि मान वर न करता विचारी, अजून कोणाची वाटी रिकामी आहे.